भिंतीकडे तोंड करून

आमच्या ग्वायाकील शहरातल्या चॅनेलवर दर शनिवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम लागायचा. खेळ, गाणी, नाच, नुसता कल्ला. तिथं ऑर्गन वाजवायचे आमच्या शेजारचे तेल्मोमास्तर. एकोणीस वर्षं.

शेवटचा खेळ संगीत खुर्ची. गाणं कधी थांबवायचं, ते मास्तरांच्या हातात. एकदा कुणाची तरी आई भर स्टुडिओत ओरडली, "ओळखीच्या पोरांकडे बघून थांबवतात हो हे!" मास्तरांनी तिथल्या तिथं स्टूल फिरवलं. मुलांकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ते कायमचं.

"मास्तर, कॅमेऱ्यात नुसतं तुमचं टक्कल दिसतं," कार्यक्रम चालवणारी निन्फामावशी करवादायची.

"दिसू दे की. भिंतीला भाचे-पुतणे नसतात."

हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पैजेवरून भांडण लागो की भावाभावांत, लोक म्हणायचे, चला मास्तरांकडे.

मी नऊ वर्षांची असताना कार्यक्रमात माझा नंबर लागला. बक्षीस, लाल सायकल. आदल्या संध्याकाळी आईनं केलेले कच्च्या केळ्यांचे गोळे घेऊन मी मास्तरांकडे गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. रविवारी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, तेव्हा त्यांच्या सुरांच्या वहीची पानं मीच उलटायचे.

"मास्तर, मी खुर्चीसमोर आले की थांबवा ना."

"मला दिसत नाही, यादिरा. ठाऊक आहे ना तुला?"

"बघू नका. ऐका. मी दोनदा पाय आपटीन."

ते हसले. गोळा मोडून तोंडात टाकला. "पळ आता, झोप जा." हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

शेवटी एक खुर्ची उरली, मी आणि नदीपल्याडच्या दुरान गावची येसेनिया. तिनं थोरल्या बहिणीचे बूट घातलेले, पुढे कागद कोंबून. गोल गोल फिरत होतो. मास्तर गाण्याची ओळ पुरी केल्याशिवाय कधी थांबायचे नाहीत. मी खुर्चीसमोर आले. टप, टप.

गाणं मधेच तुटलं.

मी बसले. टाळ्या, फुगे, सायकल. ड्रम वाजवणारे होल्गेरकाका काठ्या मांडीवर ठेवून मास्तरांकडे नुसते बघत राहिले. आणि येसेनिया, रडली नाही काही नाही, सरळ ऑर्गनपाशी गेली.

"मास्तर, ओळ संपली नव्हती. मी संपायची वाट बघत होते."

मास्तरांचे कान लालबुंद झाले. ते वळले नाहीत.

"चल गं माझी राणी, सगळ्यांना टाटा कर!" निन्फामावशीनं तिला ओढून नेलं.

घरी येताना मी म्हणाले, "मास्तर, तुमच्यामुळे..."

"पाय तुझा होता," ते म्हणाले. "बोट माझं होतं."

पुढच्या शनिवारपासून ते कार्यक्रमाला गेलेच नाहीत. बोटं आखडली, असं निन्फामावशीला कळवलं. गल्ली हळहळली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तीच बोटं पाण्यासारखी वाहत होती आणि मी खाली मान घालून पानं उलटत होते. सायकल मी मागच्या बोळातून चालवायचे. त्यांच्या खिडकीवरून कधीच नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. दफनाच्या वेळी आईनं कोपरानं ढोसलं, "तू नाटकवाली ना? बोल चार शब्द."

मी बोलले. टकलाचं सांगितलं, भिंतीच्या भाच्या-पुतण्यांचं सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले. "एकोणीस वर्षं," मी म्हणाले, "एकोणीस वर्षं मास्तरांनी... आणि मग एका शनिवारी..."

पुढचे शब्द जिभेवर होते. समोर सगळी गल्ली उभी होती. मी खाली बसले. बायका म्हणाल्या, "कढ आवरेना हो पोरीला."

होल्गेरकाका काठी टेकत शेजारी आले. म्हातारे झालेत आता.

"छान बोललीस गं," ते हळूच म्हणाले. "ओळ मात्र पुरी केली नाहीस."