मावशीला शोधत ऐकलेली व्याख्यानं

सून चेष्टेनं विचारते, "आई, आज क्लास न्हाई का तुमचा?" क्लास म्हणजे इस्रायलमधल्या एका विद्यापीठाची ऑनलाइन व्याख्यानं. तिथल्या यहुदी अभ्यास विभागाची, सगळ्यांसाठी खुली, आणि बहुतेक इंग्रजीत. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई. माझं इंग्रजी म्हणजे चार वाक्यांतलं एक पकडायचं आणि तीन सोडून द्यायची. तरी इथं वडीगोद्रीत दिवाबत्ती झाली की मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून बसते. बगदादच्या व्यापाऱ्यांवरचं ऐकलं, जुन्या कबरींवरचं ऐकलं, एकदा तर पावावर दीड तास ऐकलं. पावावर! बोलणाऱ्याकडं माझं लक्ष थोडंच असायचं? मी बघायची ऐकणाऱ्यांचे ते छोटे छोटे चौकोन. त्यातल्या एखाद्यात मावशी दिसेल म्हणून.

मावशी काही सख्खी नव्हे. आमच्या गावच्या दवाखान्यात ती नर्स होती. मूळची कोकणातली, बेने इस्रायल समाजातली, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी. आमच्या बाहेरच्या खोलीत ती भाड्यानं राहायची. आई दिवसभर शेतात, त्यामुळं माझी वेणी घालायची मावशी, आणि अभ्यास केला नाही तर धपाटाही मावशीचाच. शुक्रवारी संध्याकाळी ती काचेच्या पेल्यात तेलवात लावायची आणि डोक्यावर पदर घेऊन हळू आवाजात गायची. शनिवारी चूल पेटवायची नाही, तो त्यांचा विसाव्याचा वार. आईचा पक्का समज, की हिला साडेसाती लागलीय. म्हणून दर शनिवारी आमच्याकडून भाकरी-पिठलं जायचं, आणि मावशीनंही तो समज कधी दूर केला नाही.

तिच्या दाराच्या चौकटीवर बोटाएवढी एक लाकडी नळी ठोकलेली होती. येता-जाता ती नळीला हात लावायची आणि तीच बोटं ओठांना टेकवायची. आईनं एकदा विचारलं, "त्यात काय हाय हो सिस्टरबाई?"

"देवाचं वचन आहे."

झालं! देव म्हटल्यावर आई गप्प बसते होय? दसऱ्याला विळा, खुरपी, पांभर सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हातानं त्या नळीलाही. वर झेंडूची माळ. "बिचारा देव, सालभर कोरडाच बसून राह्यला," म्हणे. मावशी ड्यूटीवरून आली, सवयीनं हात लावला, तर बोटं लाल. मी तिथंच उभी होते. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही खोली सोडते बिलकुल. पण मावशी उंबऱ्यावर बसली आणि इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग म्हणाली, "वहिनी, आमच्या देवाला कुंकू चालत नाही हो. नुसता हात लावला तरी बास." आईनं कानाला हात लावले, ओल्या फडक्यानं नळी पुसली. पुढं साखर मागायला गेली तरी ती नळीला हात लावूनच आत जायची.

नोकरी संपली तसं मावशीला तिच्या भावानं इस्रायलला बोलावून घेतलं. जालन्याच्या स्टेशनवर मी सोडायला गेल्ते, कडेवर माझी पोरगी होती. "येऊन जाईन गं," म्हणाली. काही वर्षं पत्रं आली, मंग तीही थांबली. माझी परत यायला लागली. फार आठवण यायची. अजूनही येते, खोटं कशाला बोलू? आई गेली ते माणूस हळूहळू सोसतं. पण जी कुठंतरी असेल, नसेल, तिचं काय करायचं?

गेल्या महिन्यात विषय आला, बेने इस्रायलांची मराठी कीर्तनं. आधी व्याख्यान, पाठोपाठ गाणं. पेटी लागली, साड्या नेसलेल्या चार-पाच जणी उभ्या राहिल्या आणि मोशेची, त्यांच्या प्रेषिताची, गोष्ट मराठीतून गायला लागल्या. आपल्या जांबला, समर्थांच्या गावी, रामनवमीत कानावर पडते तसलीच चाल. मला हुंदकाच आला. सून चहा ठेवून गुपचूप निघून गेली.

शेवटी कार्यक्रम चालवणाऱ्या संचालक बाई म्हणाल्या, कुणाला काही विचारायचंय का. मी माइक सुरू केला आणि सरळ मराठीतच बोलले. म्हटलं, मला एक नर्सबाई शोधायची आहे, माझी मावशी. तिथं तिनं नाव बदललं असेल, पण आमच्या आईनं तिच्या दारावरच्या देवाला कुंकू लावलं होतं. सगळे चौकोन नुसते हसरे. कुणाला काही कळलं असेल तर शपथ!

तेवढ्यात गाणाऱ्यांतली सगळ्यात म्हातारी पुढं आली. "झेंडूची माळपण होती ना?"

माळेचं मी बोललेच नव्हते. "आहे का हो ती? बरी आहे का?"

"नाही हो. गेल्या हिवाळ्यात गेली."

मग तिनं सगळं सांगितलं. मावशी वृद्धाश्रमात होती. शेवटी शेवटी हिब्रू पार विसरली, उरली ती मराठी, तीही आमच्या इकडची. तिथल्या नर्सांना वाटायचं, म्हातारी बरळते. "बरळत नव्हती हो. पाणी मागायची. कुणाचा तरी ताप उतरला का, ते विचारायची. मी बसनं जायचे जमेल तशी. गेले की हात सोडायची नाही."

मला राग आला, भयंकर राग. कुणावर, ते मात्र सांगता येईना. एक फोन लावायचा होता कुणीतरी! रोज बोलले असते मी तिच्याशी. भाकरी थापता थापता बोलले असते.

संचालक बाई घड्याळ बघायला लागल्या. ती म्हातारी घाईघाईनं म्हणाली, "बंद नका करू. या पोरी इथंच जन्मल्या, गातात, पण अर्थ कळत नाही त्यांना. ती गेल्यापासून मला मराठी बोलायला कुणी नाही. काहीही बोला."

आणि मला, जन्मभर पोरांपुढं बडबडलेल्या बाईला, काही सुचेना. डोळे पुसले आणि विचारलं, "जेवलात का?"

ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "नाही गं. गाण्याच्या नादात राहूनच गेलं बघ." आणि आम्ही दोघी रडायला लागलो.