टेप लावलेल्या पाइपवरचे ठोके

आधी कांबळेकाकांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. काका मूळचे नागपूरचे, पण निम्म्याहून जास्त आयुष्य बर्मिंगहॅममध्ये गेलं. घरोघरी हीटिंगची कामं करतात, गॅसचं रजिस्ट्रेशन आहे. माझी बायको निशा नर्स. तिच्या वर्क परमिटवर मी डिपेंडंट म्हणून जयसिंगपूरहून इथे आलो... नववीत शाळा सोडलेला, इंग्लिश म्हणजे 'येस' आणि 'सॉरी'. त्यातही सॉरीच जास्त. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात हॉलमधला रेडिएटर गळत होता, त्याखाली मी गपचूप बादली सरकवली. एवढ्यावर काकांनी विचारलं, "काहून बे, काम पाहिजे काय?"

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गावाकडून येताना थोडासा सोबत आला होता, तो काकांनी व्हॅनमध्येच काढून टाकला. नजर लागली, अंगात आलं असलं कुणी बोललं की त्यांचं डोकं फिरायचं. म्हणून हे लिहिताना त्यांची परवानगी घेतली आहे. "लिही," म्हणाले, "पण माझी चूकबी लिहिजो. लपवायची नाही."

एक सांगायला हवं. हीटिंगच्या पाइपांमधलं पाणी उतरवताना एक माणूस वर असतो, एक खाली. घरभर ओरडणं काकांना आवडत नाही, म्हणून आम्ही पाइपवर पान्याने ठोकतो. एक ठोका - बंद कर. दोन - सोड. तीन ठोके आणि मग पाना पाइपवरून ओढल्याचा खर्र असा आवाज - हातातलं काम आहे तिथे टाक. तो खर्र काकांचा स्वतःचा. मला तसा कधी जमला नाही, माझा पाना घसरतो.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधली, सकाळची. वैद्यकाकू म्हणून हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या बाई, एकट्याच राहतात. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत फायरप्लेसच्या मागे जुना बॉयलर होता. तो काढून किचनमध्ये नवा बसवायचा होता. आमचं त्या दिवशीचं काम म्हणजे घर तयार करणं. पाणी उतरवायचं, रेडिएटर धुवायचे, जमिनीच्या फळ्या उचलायच्या, जुने पाइप काढायचे. काकांनी आल्या आल्या जिन्याखालच्या मीटरपाशी गॅसचा कॉक बंद केला, पाइपमधला उरलेला गॅस काढला. जुन्या बॉयलरकडे जाणाऱ्या गॅसच्या पाइपवर जिथे कापायचं तिथे लाल टेप लावली.

मी वर रेडिएटर काढत होतो. खालून काकूंचा आवाज येत होता.

"अहो कांबळे, चहा न देता कामाला जुंपू का तुम्हाला?"

"राहू द्या नं काकू. केटल लावा."

"केटलचा चहा मी माणसांना देत नाही!"

थोड्या वेळाने चहा वर आला. आलं घातलेला, चांगला उकळलेला, वर साय. मी तो प्यायलो. असला चहा विजेच्या केटलमध्ये होत नाही, हे मला सुचायला हवं होतं... नाही सुचलं.

मग पाइपचा एक जोड कमी पडला म्हणून काका दुकानात निघाले. "टेपवाला पाइप कापून ठेव. मेलेला आहे तो, गॅस नाही त्यात," म्हणाले. एरवी ते नसताना मी गॅसच्या पाइपला हात लावत नाही.

पुढच्या खोलीत गुडघे टेकून बसलो. कटर पाइपभोवती लावला, फिरवू लागलो. तांब्यात खाच पडत गेली. आता एक-दोन फेऱ्यांत सुटणार, एवढ्यात -

ठक. ठक. ठक. खर्र...

कानाला ऐकू आलं त्याआधी हाताला जाणवलं. कटरमधून बोटांत आलं. सवयीने हात थांबला. "आलो काका!" म्हणून ओरडलो. जिना चढून पाहिलं, वर कुणी नाही. दाराबाहेर व्हॅन नाही. किचनमध्ये गेलो.

"काकू, तुम्ही काही ठोकलंत?"

"मी कशाला ठोकू? खिचडी टाकलीय. तुम्ही दोघं जेवूनच जायचं."

पातेल्याखाली निळी ज्योत होती.

मी जिन्याखाली कसा पोचलो, माहीत नाही. कॉक बंद केला. किचनमधून काकू म्हणाल्या, "अरे, गेला गॅस!" मी त्यांना धरून बाहेर अंगणात आणलं. त्यांच्या हातात अजून डाव होता. "अरे झालं काय? शेजारी काय म्हणतील!" मी मराठीतसुद्धा 'सॉरी'च म्हणत होतो.

तेवढ्यात व्हॅन आली. काका उतरले ते रिकाम्या हाताने, तोंड पांढरंफटक. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, "कापला काय? कॉक... चहासाठी मी उघडला होता बे... कापला काय?"

दुकानाच्या रांगेत त्यांना आठवलं होतं. फोन जॅकेटमध्ये, आणि जॅकेट काकूंच्या खुंटीवर. तसेच परत फिरले, तर वाटेत सिग्नल लाल.

मी ठोक्यांचं सांगितलं. त्यांनी जाऊन पाइप पाहिला, खाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "काकूंचा डाव पातेल्यावर आपटला असंल. धातूतून आवाज जातो."

"आणि खर्र, काका?"

"भूतबित म्हटलं तर व्हॅनमधून उतरवून देईन."

काम त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकलं. परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डवर किल्लीच्या टोकाने पडावेत असे तीन खड्डे होते, आणि त्यांच्यापासून निघालेला एक लांब ओरखडा. ताजा. सकाळी तो नव्हता. डॅशबोर्ड रोज मीच पुसतो. काकांनी मला तिकडे बघताना पाहिलं.

अजूनही स्वयंपाक झाला की मी गॅसचं बटण परत परत पाहतो. निशा म्हणते, "अरे, तोडशील ते एक दिवस." काय झालं होतं ते मला आजही कळलेलं नाही. डाव आपटला असेल, असं स्वतःशी म्हणून पाहतो. पण डाव ओढून कुणी खिचडी करत नाही.

कांबळेकाकांना आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी हल्ली पाना ओढायची प्रॅक्टिस करतो, जुन्या पाइपच्या तुकड्यांवर. थोडं थोडं जमतंय. काका, कधीतरी तुम्ही एकटे असाल, हात चुकीच्या जागी असेल आणि मी लांब कुठेतरी सिग्नलला अडकलेला असेन... तेव्हा माझेही ठोके तुमच्या हातापर्यंत पोचतील. कसे ते मला ठाऊक नाही, पण पोचवीन.