शुभदाचा पास

येथे आखातात प्रत्येक गोष्टीला मुदत असते. व्हिसाला, घराच्या कराराला, दुधाच्या बाटलीला. किश्श्यांना मात्र ती नसते, म्हणून ते साचत जातात. डिस्कव्हरी गार्डन्समधील आमचे मराठी मंडळ शनिवारी चहाला जमते, तेथे यंदा साचले ते बहुतेक शुभदा साठे हिच्या पासाचे.

शुभदा लॅब टेक्निशियन. यजमानांची, म्हणजे श्रीरंगांची, नोकरी गेलेली आणि मुलगी बारावीत. अबुधाबीकडच्या एका तेलक्षेत्रावरील दवाखान्यात तिला काम मिळत होते. ते मिळाले तर बिऱ्हाड येथे राहणार, नाहीतर परत सांगली.

* * *

मुलाखतीहून आल्यावर ती म्हणाली, "काकू, डिप्लोमा कुणी पाहिलाच नाही. पास आहे का, एवढंच विचारलं."

मी म्हटले, "पास नसतीस, तर डिप्लोमा कुठून आला असता?"

मी जुनी मॅट्रिक. आमच्या वेळी हा शब्द निकालाच्या दिवशीच ऐकू येई. येथे पास म्हणजे सुरक्षा तपासणीनंतर हाती पडणारे ओळखपत्र. त्यावाचून तेलक्षेत्राचे फाटक उघडत नाही. ज्याच्याकडे ते आधीच असते त्याला म्हणतात, "उद्यापासून या." इतरांना म्हणतात, "इन्शाल्ला."

* * *

मंडळातल्या कुलकर्णीबाई यजमानांसह भाचीसाठी स्थळ पाहायला शारजाला, रोल्ला भागात गेल्या. मुलाच्या मावशीने पत्रिका पुढे केली. कुलकर्णी तेलाच्या धंद्यात मुरलेले. त्यांनी पत्रिका उघडलीही नाही.

"मुलाकडे पास आहे का?"

"आहे की. समुद्रातल्या बेटांवरसुद्धा चालतो."

"मग मंगळ असला तरी चालेल."

शनिवारी हे ऐकून मंडळातले सगळे हसले. शुभदा मात्र पासाच्या निरोपासाठी फोनकडे पाहत होती.

* * *

अर्जात एक प्रश्न होता : आपण आणखी कोणत्या नावांनी ओळखल्या जाता? श्रीरंग फार काटेकोर. त्यांनी तिला एकही नाव गाळू दिले नाही. माहेरची नलिनी, लाडाची बेबी आणि सासरी सगळे हाक मारतात ती वहिनी.

दवाखाना चालवणाऱ्या कंपनीतल्या मल्याळी मुलाचा फोन आला, "मॅडम, नलिनी समझा, बेबी भी समझा. ये वहिनी कौन है? सिस्टम में मिल नहीं रही."

लेक आतून ओरडली, "आई, जस्ट टेल हिम इट्स यू!"

* * *

अखेर शुभदाला पास कार्यालयात बोलावणे आले. डिप्लोमा नलिनी गोविंद पटवर्धन हिचा, पासपोर्ट शुभदा श्रीरंग साठे हिचा. तीन शब्दांतला एकही जुळत नव्हता. समोरच्या अरब अधिकारी बाई हिंदी उत्तम बोलत. विवाहाचा दाखला पाहूनही त्यांचे समाधान होईना, कारण त्यांच्याकडे मुलगी लग्नानंतरही वडिलांचेच नाव लावते. आडनावाचे एक वेळ समजले असते. पण स्वतःचे नावसुद्धा?

त्यांनी विचारले, यजमानांचेही नाव बदलले का?

शुभदा म्हणाली, नाही.

बाई खुर्चीत पुढे झुकल्या. आवाज अगदी हळू.

"तो तुमने ऐसा क्या किया था, कि पूरा नाम बदलना पड़ा?"

शुभदाने थोडा विचार केला.

"शादी."

बाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि तिच्यासमोरच मंजुरीचे बटण दाबले.