शनिवारी हेवी मेटल, सोमवारी कानांची तपासणी

या वर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी माझे मेहुणे मुंबईत हेवी मेटलच्या कार्यक्रमाला गेले. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी त्यांच्या कानांची वार्षिक तपासणी होती.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणतो. ते मूळचे परभणीकडचे. न्हावा शेवा बंदरात जहाजावरचे कंटेनर उतरवणारी उंच क्रेन चालवतात. केबिनची जमीन काचेची असते आणि चालकाला पूर्ण पाळी पायांखाली बघत बसावे लागते. जहाजावर उभा असलेला सिग्नलमन वॉकीटॉकीवरून सांगतो, त्यावर काम चालते. म्हणून चालकाचे कान दरवर्षी तपासतात. मागच्या वर्षी दाजींचा डावा कान मर्यादेच्या अगदी काठावर निघाला होता. डॉक्टरांनी तेव्हा 'फिट' लिहिले आणि तोंडी बजावले की आणखी थोडा घसरला तर क्रेन बंद. क्रेन बंद म्हणजे यार्डातल्या ऑफिसात बसून कंटेनरचे नंबर तपासणे. दाजींनी घरी हे सांगितले आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. ताईच्या म्हणण्यानुसार त्या महिन्यात ते झोपेत दोन्ही हातांनी क्रेनचे दांडे धरल्यासारखे करत.

या माणसाला हेवी मेटल कुठून लागले, हे सांगायला हवे. बंदरात लागले तेव्हा ते कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळण्याच्या कामावर होते. एका जहाजावरच्या फिलिपिनो खलाशाने त्यांना एक कॅसेट दिली. त्याआधी दाजी गावाकडे भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवत. कॅसेटवरच्या गाण्यांतला एकही शब्द त्यांना कळला नाही. त्यांनी ऐकला तो फक्त ड्रम. "हा माणूस पायानं ढोल वाजवायलाय," ते ताईला म्हणाले, "आन् दोन्ही पाय येगळं बोलायलेत." कॅसेट तुटेपर्यंत वाजली. तोच बँड मुंबईत येणार असल्याची बातमी मी दिली आणि तिकिटेही मीच काढली. तपासणीची तारीख त्यानंतर लागली.

तारीख पुढे सरकत नव्हती. दाजी म्हणाले, "तिकिटं देऊन टाक कुणाला तरी."

ताई म्हणाली, "थांबा जरा. कट-ऑफ कधीय?"

ताई क्लिअरिंग एजंटाच्या, म्हणजे मालाची कस्टमची कागदपत्रे करून देणाऱ्याच्या, ऑफिसात काम करते. जहाजात माल चढवायचा असेल तर कंटेनर बंदराच्या आत घ्यायची शेवटची वेळ ठरलेली असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती चुकली की जहाज मालाशिवाय जाते. म्हणून या ऑफिसांमधली माणसे कोणतेही काम शेवटापासून मागे आखतात: आधी कट-ऑफ, मग त्याच्या आधीचे, मग त्याच्याही आधीचे. ताईने स्वतःचे लग्न, दोन बाळंतपणे आणि उलव्यातल्या फ्लॅटची खरेदी याच पद्धतीने पार पाडली आहे. तिच्या हिशेबात सोमवारची तपासणी हा कट-ऑफ होता. तिने बंदराच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तपासणीच्या आधी पूर्ण एक दिवस कानांना विश्रांती द्या, आणि मोठ्या आवाजात जायचेच असेल तर कानात बोळे आणि वर कान झाकणारे इअरमफ, दोन्ही वापरा.

"म्हणजे रविवार शांत पाहिजे," ताई म्हणाली. "शनिवारचं बघता येईल."

रविवार शांत नव्हता. दाजींच्या सिग्नलमनच्या मुलीची हळद त्याच संध्याकाळी होती, ताई-दाजींच्या उलव्यातल्या सोसायटीच्या मागच्या गावठाणात. आगरी हळदीला डीजे लागतो आणि सोसायटीच्या काचा हलतात. ज्याच्या आवाजावर दाजी रोज कंटेनर खाली सोडतात, त्याच्या घरच्या हळदीला न जाणे हा पर्यायच नव्हता. ताई त्याच्याकडे गेली आणि तिने सगळे सांगितले. तो ओट्यावर मांडवाच्या दोऱ्या सोडवत बसला होता.

"ते कानाचा मना ठाव हाय," तो म्हणाला. "केबिनमदी दोनदा सांगाला लागतं त्याला. त्याला सांग, सकालचा ये, जेवून जा. सांचे डीजे हाय, तवा दिसला तर मीच हाकलीन."

त्या रविवारी दाजी दुपारनंतर खारघरला माझ्या घरी राहतील असे ठरले. माझी इमारत डोंगराच्या बाजूला आहे. ताईने मला मिक्सर, कुकर आणि टीव्ही बंद ठेवायला सांगितले.

"आणि मी?" मी विचारले.

"तूपण बंद."

बोळे आणि मफ यांची चाचणी बाकी होती. त्यासाठी ताईने कळंबोलीचे स्टील मार्केट निवडले. तिथे ट्रेलरवरून लोखंडी पत्रे उतरतात, तेव्हा शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाला तोंड लावावे लागते. आम्ही एका चहाच्या टपरीवर बसलो. दाजींनी बोळे घातले, वर कंपनीचे पिवळे मफ चढवले आणि समोर बघत राहिले. पत्र्यांची थप्पी खाली आली. मी दचकले. दाजींनी चहाचा घोट घेतला. ताई त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आजची भांडी तुम्ही घासा."

दाजी हलले नाहीत.

"पास," ताई म्हणाली.

"हे त्यांना मफशिवायही ऐकू येत नाही," मी म्हणाले.

मग तिने तेच वाक्य ओरडून म्हटले. दाजी हलले नाहीत. टपरीवाल्याने मात्र मान वर केली आणि विचारले, "बाई, कुणाची भांडी?"

एक अडचण राहिली. एवढे सगळे कानांवर असताना दाजींना गाणे काय ऐकू येणार? ताईने त्यावरही तोडगा काढला. बोळे शेवटपर्यंत कानातच राहतील. मफ कधी चढवायचे आणि कधी काढायचे ते ती ठरवेल आणि हातवाऱ्यांनी सांगेल. हातवारे बंदरातलेच घेतले, ते दोघांनाही येतात. बोट वर करून गोल फिरवले की उचला, म्हणजे मफ काढा. बोट खाली करून फिरवले की सोडा, म्हणजे मफ कानांवर. हात आडवा, पंजा खाली, म्हणजे थांबा. कॅसेटवरच्या पहिल्या गाण्याला मफ काढायचे, हे तिने आधीच मान्य केले होते. ज्या रात्री दाजींनी तिकिटे देऊन टाकायची तयारी दाखवली, त्याच रात्री तिने ते मनात धरले होते, असे ती मला नंतर म्हणाली.

शनिवारी आम्ही माझ्या गाडीने निघालो, कारण सागरी पुलावर दुचाकीला बंदी आहे. दाजींनी काळा टी-शर्ट घातला होता आणि पायात बंदरातले सेफ्टी शूज होते. गर्दी असेल तिथे सेफ्टी शूज, ही या घराची सवय आहे. ते लग्नालाही तेच घालतात. या बुटांच्या टोकात लोखंडाची वाटी असते, हे तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. मैदानाच्या फाटकावरची धातू शोधणारी कमान वाजली. दाजी मागे गेले, पट्टा काढून आले, कमान पुन्हा वाजली. सुरक्षारक्षकाने बूट काढायला लावले, वाकवून पाहिले, टोकावर बोटाने टकटक केले.

"काका, काम पे आये हो या देखने?"

"दोन्ही," दाजी म्हणाले.

रक्षकाची नजर त्यांच्या गळ्यातल्या पिवळ्या मफवर गेली. त्याने बूट परत दिले आणि तो त्यांना कामगारांच्या फाटकाकडे पाठवू लागला. ताईने तिकीट दाखवले, तेव्हा आम्ही आत गेलो.

ताईने जागा आधीच ठरवली होती: मधोमध, पार मागे, ध्वनियंत्रणेच्या चौथऱ्याजवळ, दोन्ही बाजूंच्या स्पीकरपासून लांब. तिथे पोचेपर्यंत दोघांनी दाजींना प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारले आणि एकाने स्टेजची वीज कधी येणार म्हणून विचारले. दाजींनी तिघांनाही नम्रपणे दिशा दाखवली. पहिल्या दोन दिशा बरोबर होत्या.

बँड सुरू झाला. ताई दाजींच्या समोर, स्टेजकडे पाठ करून उभी राहिली. आवाज चढला की तिचे बोट खाली फिरे आणि मफ कानांवर येत. उतरला की बोट वर फिरे आणि मफ गळ्यात जात. दाजी तिच्या बोटाकडे आणि ड्रमरकडे आळीपाळीने पाहत होते. मागच्या मुलामुलींच्या घोळक्याला वाटले, हा या गाण्यांवरचा काहीतरी ठरलेला नाच आहे. त्यांनीही बोटे फिरवायला सुरुवात केली. काही वेळाने तिथे वीसेक जण न्हावा शेव्याच्या पद्धतीने हवेत कंटेनर उचलत होते.

मग कॅसेटवरचे पहिले गाणे लागले. ताईने बोट वर फिरवले. दाजींनी मफ काढले. ड्रमरचे दोन्ही पाय सुरू झाले. दाजींचा उजवा हात मांडीवर ढोलकीच्या ठेक्यात पडत होता. डावा हात वर गेला आणि डाव्या कानातल्या बोळ्यावर आला. बोटांनी बोळा धरला. ताईचा हात आडवा झाला, पंजा खाली.

थांबाचा इशारा कोणीही दिला तरी चालकाने त्याच क्षणी थांबायचे, असा बंदराचा नियम आहे. विचारायचे नंतर. दाजींचा हात तिथेच थांबला आणि खाली आला. गाणे संपेपर्यंत तो हात त्यांनी ताईच्या खांद्यावर ठेवला होता. मी वार्ताहर आहे आणि बातमीसाठी मी अनेक कार्यक्रम पाहिले आहेत. त्या संध्याकाळी मी बहुतेक वेळ स्टेजकडे पाहिले नाही.

रविवारी सकाळी दाजी गावठाणात जेवून आले. दुपारनंतर ते माझ्या खोलीत खिडकी लावून बसले. संध्याकाळी सिग्नलमनचा ताईला फोन आला. मागे डीजे चालू होता. तो ओरडून विचारत होता, "हाय ना तो लांब?" ताईने हो म्हटले आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी तपासणी झाली. दाजी बंद खोलीत हेडफोन लावून बसले आणि आवाज आला की बटण दाबत राहिले. ताई बाहेर बाकावर होती. डाव्या कानाचा आलेख मागच्या वर्षीच्याच रेषेवर निघाला. डॉक्टरांनी एका वर्षासाठी 'फिट' लिहिले. त्याच दिवशी दुसऱ्या पाळीला दाजी क्रेनवर चढले.