आइझूच्या बायका

लंडनमध्ये पिनरला आमच्या शेजारी एक जपानी आजी एकट्या राहायच्या. इंग्रज नवरा कधीच वारला होता. मी दुपारची त्यांच्याकडे जाऊन बसायचे.

त्या आइझूच्या. जपानच्या उत्तरेकडचं हे एक संस्थान. तिथल्या किल्ल्यावर एकामागून एक कुळं आली, हरली, दुसरीकडे हलवली गेली. शेवटचं कुळ शोगुनच्या, म्हणजे सम्राटाच्या नावानं खरी सत्ता चालवणाऱ्या सरसेनापतीच्या, नात्यातलं. म्हणून १८६८ साली शोगुनची सत्ता गेली आणि सम्राटाची फौज चालून आली तेव्हा आइझू शेवटपर्यंत लढलं.

"आगीची घंटा वाजली की सगळ्यांनी किल्ल्यात यायचं, असं ठरलं होतं," त्या सांगायच्या. "पण पुष्कळ बायका गेल्याच नाहीत. लढणाऱ्यांच्या तोंडचा भात आपण कशाला खायचा, म्हणून घरीच गुडघे बांधून घेतले. मेल्यावरही पाय नीट राहावेत म्हणून. मग सुरीनं जीव दिला." या आजींची आजी तेव्हा लहान होती. तिला मोलकरणीनं पाठीवर घेऊन बाहेर काढलं, म्हणून ती वाचली.

मग एका हिवाळ्यात त्यांना विसरायला व्हायला लागलं. एकदा त्यांच्या किचनमध्ये मी पोह्यांची फोडणी करत होते. मोहरी करपली, धूर झाला आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. टॉवेलनं वारा घालून तो थांबवला आणि वळले, तर आजींची खुर्ची रिकामी. वर जाऊन पाहते तो बेडरूमचं दार आतून बंद. ओट्यावर सुरी नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

"आजी, दार उघडा! अलार्म होता नुसता."

"तू किल्ल्यात जा," आतून अगदी शांत आवाज आला. "मी इथेच थांबते."

 फोन खाली हॉलमध्ये होता, पण दारापासून हलायची हिंमत होईना. 

"मला किल्ल्याचा रस्ता माहीत नाही," मी रडतच म्हणाले. "मी इथली नाही, आजी. तुम्ही नाही आलात तर मी कुठे जाऊ?"

 आतून कडी निघाली. हातात सुरी, गुडघ्यांना ड्रेसिंग गाऊनचा पट्टा. "चल," त्या म्हणाल्या, "माझ्या मागे राहा." मी सुरी हळूच काढून घेतली आणि खाली बसून पट्टा सोडू लागले. गाठ सुटता सुटेना.

मी फोन केल्यावर संध्याकाळी मिल्टन कीन्सहून त्यांची मुलगी आली. दुपारचं सगळं ऐकून ती जिन्यावरच बसली. "आईनं मला आइझूचं काहीच सांगितलं नाही कधी," ती म्हणाली. "तू सांग."

आजी झोपल्या होत्या. मी आधी घरातल्या सुऱ्या, कात्र्या पिशवीत भरून तिच्या गाडीत ठेवल्या, मग तिच्याशेजारी बसले.