प्याला संपवणाऱ्याचा बाप

परदेशी मॅडमनी माझ्या बापाचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं आणि इंग्रजीत बरंच काही बोलल्या. बाबांना इंग्रजी येत नाही. ते माझ्याकडे पाहू लागले. मी हातातल्या समोशाकडे पाहू लागलो. शेवटी आमचे डीनसाहेब मदतीला धावले आणि मोठ्यानं हिंदीत म्हणाले, "मैडम कह रही हैं, आपने शराब छोड़ दी, बहुत बड़ी बात है। आज आपका बेटा यहाँ पढ़ाता है, सब प्रभु की दया।"

लूथरन मंडळीचं विद्यापीठ. चॅपलचं अंगण. धर्मसुधारणेच्या रविवारचा चहा. देणगीदार पाहुणे, प्राध्यापक, मुलं. सगळ्यांनी ऐकलं.

माझ्या बापानं उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही.

खमरियाच्या कारखान्यात बारूद भरायच्या सेक्शनला होते ते. फाटकावर काडेपेटीसाठी खिसे तपासत. तोंडाला वास आला तर माणूस आत जात नसे. बाबा निवृत्त होईपर्यंत आत जात राहिले. लग्नात कोणी थंडा पुढे केला तरी आधी हुंगून बघणार. असा माणूस.

मग ही दारू आली कुठून? माझ्या भक्तिभावातून.

आमची खमरियाची मंडळी, म्हणजे चर्च, लहान. कामगारांची. आजोबांच्या पिढीत विदर्भातल्या गावकुसाबाहेरून उठून इकडे हिंदी मुलखात आलेली. आमच्याकडे प्रभुभोजनाला प्रत्येकाला बोटाएवढा काचेचा पेला मिळतो, द्राक्षरसाचा. एका घोटात संपवायचा. थेंब उरला तर आई मागून चिमटा काढायची. हा संस्कार घेऊन मी विद्यापीठात शिकायला आलो. पहिल्याच रविवारी वेदीपाशी गुडघे टेकले. पाळकांनी ओठांशी चांदीचा प्याला आणला. हा एवढा! मला वाटलं, मोठी मंडळी आहे, यांचं माप मोठं असणार. दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि सगळा संपवला. पाळक प्याला मागे ओढत होते. मला वाटलं, जड आहे म्हणून आधार देऊन राहिले. डोळे उघडले तेव्हा माझ्या शेजारी गुडघे टेकलेले डीनसाहेब तोंड अर्धवट उघडं ठेवून आपल्या घोटाची वाट बघत होते.

अख्खं हॉस्टेल हसलं. मीही हसलो. नंतर मीच नक्कल करून दाखवायला लागलो, डीनसाहेबांच्या उघड्या तोंडासकट. हसवणाऱ्याला टेबलावर जागा मिळते. एवढंच की हसून झालं की टेबल उठायचं, आणि सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बोलावताना कोणाला माझी आठवण व्हायची नाही.

डीनसाहेब मोठ्या घरचे. त्यांच्या पणजोबांनी जानवं काढून बाप्तिस्मा घेतला, हे ते प्रत्येक बैठकीत सांगतात. काढलेलं जानवं ठेवलं कुठे, ते सांगत नाहीत. पाहुणे आले की ते मला साक्ष द्यायला उभं करायचे. देवानं आपल्याला कशातून वर काढलं, ते मंडळीपुढे सांगायचं, ती साक्ष. माझी ओळख मात्र ते स्वतः करून द्यायचे. पहिल्या वेळी म्हणाले, कामगाराचा मुलगा आहे, प्याला संपवायची सवय घरचीच असणार! हशा. पुढच्या वेळी विनोद गळाला, सवय राहिली. मग दारुडा बाप आला. मग मारहाण आली. मग उपाशी झोपणं. दर खेपेला माझ्या घरात एक नवं दुःख, आणि ते मला पाहुण्यांबरोबरच कळायचं.

एकदा धीर करून त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "सर, माझे वडील पीत नाहीत."

ते अगदी मायेनं हसले. "अरे बेटा, तुम लोगों के यहाँ कोई तो पीता होगा। चाचा? मामा?"

तुम लोग.

मी काय केलं? हसलो. आधी शिष्यवृत्ती होती, मग नोकरी आली, तीही दर वर्षीच्या कराराची. मी इतिहास शिकवतो. ज्याच्या नावानं ही मंडळी चालते तो साधा भिक्षू बादशहासमोर आणि धर्मपीठासमोर कसा ताठ उभा राहिला, ते असं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची झोपलेली मुलंही जागी होतात. स्वतः डीनसमोर उभा राहिलो की मी फक्त हसतो. बाबांना मात्र मी कधी येऊ दिलं नाही. "काहून येता, बाबा? सगळं इंग्रजीत असते."

यंदा ते न सांगता आले. आमच्या मंडळीतल्या कोणीतरी सांगितलं होतं, पोरगा चॅपलमध्ये भाषण देतो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, सर्वांत मागचा बाक. डीनसाहेबांनी इंग्रजीत ओळख करून दिली, लोक हळहळले, मी बोललो, टाळ्या पडल्या. बाबांनी सर्वांत जोरात वाजवल्या.

आणि मग तो चहा. डीनसाहेबांचं हिंदी त्यांना नीट समजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मॅडमकडे वळून मान खाली घातली आणि म्हणाले, "जी, मैडम। छोड़ दी। आपकी दुआ है।"

पोराची नोकरी राहावी म्हणून त्या माणसानं कधी न प्यालेली दारू कबूल केली. सगळ्यांदेखत.

मला हसू आलं नाही. समोसा खाली ठेवला आणि मॅडमना त्यांच्या भाषेत सांगितलं, हा माणूस कधीच प्यायला नाही. यानं मला कधी मारलं नाही. मी एक रात्र उपाशी झोपलो नाही. ही गोष्ट डीनसाहेबांनी रचली आणि मी ती रचू दिली. मग तेच हिंदीत सांगितलं, मागे चहा ओतणाऱ्यांनाही कळावं म्हणून.

डीनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तुम थक गए हो।"

"बेटा मत कहिए, सर। मेरे बाप यहाँ खड़े हैं।"

मॅडमनी आपले हात हळूच काढून घेतले. दारू सोडलेल्या माणसाचे हात कसे धरायचे ते त्यांना ठाऊक होतं. कधीच न प्यायलेल्याचं काय करावं, ते सुचेना.

घरी जाताना बाबा माझ्या स्कूटरवर मागे होते. सदर बाजार मागे पडला. मग म्हणाले, "कवापासून सांगून राहिले हे?"

"शिकत होतो, तवापासून."

"अन् तुले माहीत होतं."

मी गिअर बदलला.

"पिलो असतो तं बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "निदान चव तं कळली असती."

हे मी सांगितलं असतं तर टेबल खदखदलं असतं. त्यांनी ते हसवायला म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

विद्यापीठात तेवढंही नाही. एका सहकाऱ्यानं जिन्यात गाठून, "बरोबर केलंस यार," म्हटलं आणि वरून पावलं वाजताच खाली पळाला. मेसमध्ये मी बसलो की टेबल इतकं मोठं होतं की मिठासाठी उठून चालत जावं लागतं. नक्कल करायला हात शिवशिवतात. बघायला कोणी नाही.

नाताळचे पाहुणे येताहेत. साक्षीसाठी डीनसाहेबांनी शहपुऱ्याची पहिल्या वर्षाची एक मुलगी निवडली आहे. काल मी तिला व्हरांड्यात थांबवून विचारलं, "माँ क्या करती है तुम्हारी?"

"खेत में काम करती है, सर।"

"और डीनसाहब क्या बताने वाले हैं?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कि माँ मुझे छोड़कर भाग गई थी।"

"तुम हँसी थीं?"

"थोड़ा सा, सर।"

माझा करार संपत आला आहे. पुन्हा होणार नाही, हे चपराश्यालाही ठाऊक आहे. साक्षीच्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसणार. ओळख सुरू होईल. तिच्या आईबद्दलचं पहिलं खोटं वाक्य डीनसाहेबांच्या तोंडातून निघालं की मी उभा राहीन, आणि खरं काय ते मोठ्यानं सांगेन. ते मला बसायला सांगतील.

मी बसणार नाही.