मामांचा चकचकीत जानवसा

“पाणी वता! अरं पाणी वता, गाडी फेसाळली!” परसातून वडील ओरडले आणि मी हळदीच्या पाटावरून उठून तशीच पिवळीधमक धावले. हळदीच्या अंगानं नवरीनं उंबरा ओलांडू नये म्हणतात. पण म्हणणाऱ्या सगळ्या बायका माझ्या पुढे धावत होत्या.

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. बंद पडलेल्या एका सर्कशीकडून घेऊन वडिलांनी ते ट्रॅक्टरला बांधून लोणीला ओढत आणलेलं. बाहेरून सगळा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आकार अंड्यासारखा. हा सगळा खटाटोप माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मामांसाठी. थोरल्या भाच्याच्या लग्नात वऱ्हाड शाळेत उतरवलं म्हणून हा माणूस रुसून एसटी स्टँडवर जाऊन बसला होता, आणि त्याला परत आणायला बँड न्यावा लागला होता. म्हणून माझ्या सुपारीतच वडिलांनी छाती ठोकली, “पावणं, असा जानवसा देतो, लांबनंच डोळं दिपतील!”

पण पत्रा पडला राखाडी, डागाळलेला. मग लग्नाच्या आदल्या दिवशी वडिलांनी घरच्या साबणासाठी आणलेला कॉस्टिक सोडा बादलीत कालवला. इंजिनाचं वंगण त्यानं निघतं, तर पत्र्याचा मळ का नाही! फासला मात्र, पत्रा तव्यासारखा तापून खदखदायला लागला. वास असा सुटला की पार घाटमाथ्यावरच्या आहुप्याच्या राईतली माकडं खोकली असतील. पाणी ओतून फेस उतरला तेव्हा अख्खी गाडी काळी ठिक्कर!

“झालं,” आई म्हणाली. “मामा पुन्हा स्टँडवर. या बारीला नवरदेवालाबी संगं नेतोय बघा.”

वडील उपरण्यानं डोळे पुसायला लागले. आत्या मात्र चिंचेचं मडकंच उचलून आली. “रडताय काय? भांडं हाये म्हणा आन् घासा!”

आधी चिंच आणि काथ्या. मग मांडवासाठी आणलेली सगळी रांगोळी गोडेतेलात कालवून, जुन्या लुगड्यांच्या फडक्यांनी, जात्यावर बसल्यासारखं गोल गोल. ओव्या म्हणत आम्ही बायकांनी ती गाडी अशी घासली, की शेजारचा कोंबडा स्वतःशीच भांडून रक्तबंबाळ झाला आणि पार अवसरी गावच्या लोकांनी त्या दिवशी दोन सूर्य मावळताना पाहिले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड उतरलं. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यात स्वतःला पाहिलं, फेटा सोडला आणि नव्यानं बांधला. पटेना, म्हणून पुन्हा सोडला. मागे सगळं वऱ्हाड कंगवे काढून उभं. इकडे अंतरपाटाशी नवरदेव एकटा, भटजी “मुहूर्त, मुहूर्त” ओरडून घसा बसलेले. मामांशिवाय मंगलाष्टकं सुरू करायची कुणाची हिंमत? आणि मामांना घाई करायची तर तेवढ्यावरून रुसले म्हणजे?

शेवटी वडिलांनी कांद्याची ताडपत्री ओढत आणली आणि डोळे मिटून त्या झगझगाटावर टाकली. आरसा गेला, वऱ्हाड मुकाट मांडवात आलं, आणि माझं लग्न लागलं.

निघताना वडिलांनी मामांपुढे हात जोडले. “मामा, जानवशात काय कमी तर न्हाई पडलं?”

मामांनी फेटा चाचपला.

“आत पंखा न्हाई,” ते म्हणाले.